खाडीच्या गाळातली आखूड काट्यांची सिस्ट: नवी प्रजाती म्हणावी का?

भांडुपचा_गाळ विचारते:

नमस्कार. मी भांडुपला राहते, एमएस्सी जिऑलॉजी झालं आहे आणि सध्या ठाणे खाडीच्या गाळावर काम करते आहे. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मागच्या जानेवारीत ओहोटी साधून आम्ही ऐरोलीच्या बाजूला, तिवरांच्या पुढे उघड्या पडणाऱ्या चिखलात पाइप दाबून २ मीटर ७० सेंटिमीटरचा कोअर, म्हणजे गाळाचा उभा दंडगोल, काढला. दर १० सेंटिमीटरला एक नमुना, असे २७ नमुने. खरं तर मला कांदळ आणि तिवराचे परागकण मोजायचे होते. एचसीएल, मग एचएफ (हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड), मग १० मायक्रॉनची चाळणी आणि शेवटी ग्लिसरीन जेलीत स्लाइड, ही नेहमीची पद्धत. परागकणांबरोबर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांच्या सिस्टही, म्हणजे सुप्तावस्थेतली कवचं, भरपूर आल्या. त्यातच अडकले आहे.

२ मीटरच्या खाली ज्या गोल, काटेरी सिस्ट मिळतात त्या मी अ‍ॅटलास बघून लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरम म्हणून ओळखल्या. काटे लांब, पात्यासारखे, टोकाला निमुळते, साधारण १२ ते १५ मायक्रॉन. पण ६० ते ९० सेंटिमीटरच्या दरम्यान ज्या सिस्ट आहेत त्यांचे काटे जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. अंगाचा व्यास तेवढाच, ४० ते ४५ मायक्रॉन. भिंतीचा रंग तोच, बारीक रवाळ पोतही तोच. नुसते काटे बघितले तर दोन वेगळे जीव वाटतात. एक साळिंदर, तर दुसरी धोत्र्याची बोंड.

आखूड काट्यांच्या चांगल्या सिस्ट आत्तापर्यंत १४ सापडल्या. त्यातल्या ११ एका बाजूला फाटलेल्या आहेत, कडा वेड्यावाकड्या. मला वाटतं सेंट्रिफ्यूजमध्ये किंवा चाळताना फाटल्या असाव्यात, म्हणून मी त्या वर्णनात धरल्या नाहीत. उरलेल्या तीन अखंड आहेत. त्यांच्यावर आर्किओपाइल, म्हणजे जीव बाहेर पडायचं भोक, दिसत नाही.

माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की असं रूप कुठल्याच अ‍ॅटलासमध्ये नाही, तर नवी प्रजाती म्हणून लिहून टाक. परिषदेसाठी सारांश पाठवायला तीन आठवडे आहेत. मला नावही सुचलंय, खाडीवरून. पण रात्री झोपताना मनात येतं की तीन नमुन्यांवर हे करावं का. वर्णन लिहायला बसले की पहिल्या वाक्यालाच अडते. आर्किओपाइल कुठलं लिहू? जीनस (प्रजातीच्या वरचा गट) कशावरून ठरवू? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

---

एचएफ_हूड लिहितो:

मी लॅबमध्ये नमुने तयार करतो, ओळखण्यातला माणूस नाही, त्यामुळे माझ्या हद्दीतलं तेवढं सांगतो. काटे खरंच आखूड आहेत की मोडलेले, हे आधी बघा. लिंग्युलोडिनियमचा काटा आतून पोकळ असतो. मोडला तर टोकाला बारीक उघडी कडी दिसते आणि सगळे काटे एकाच उंचीवर मोडत नाहीत, एक अर्धा तर दुसरा बुडापासून गेलेला असं होतं. मुळातच आखूड असेल तर टोक बंद असतं. १०० च्या ऑब्जेक्टिव्हखाली, इमर्शन ऑइल घालून, सिस्टच्या कडेचे काटे बघा, मधले नको. आणि अल्ट्रासोनिकमध्ये किती वेळ ठेवलं होतं? आमच्याकडे एकाने पाच मिनिटं ठेवलं होतं आणि नाजूक सिस्टचा चुरा हातात आला.

दुसरं म्हणजे, एचएफ वापरताना शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवता ना? हे न विचारता पुढे जाववत नाही. ते अ‍ॅसिड कातडीतून आत शिरतं आणि दुखायला लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

---

जुनी_स्लाइड लिहिते:

अगं, तू ज्या ११ सिस्ट बाजूला ठेवल्यास ना, त्याच उचल. तुझं उत्तर त्यांच्यात आहे.

मी ३१ वर्षं तेलशोधाच्या कामात सूक्ष्मदर्शकावर घालवली, आता दादरला घरी असते. डायनोसिस्टनीच मला पोसलं असं म्हटलं तरी चालेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिस्ट म्हणजे त्या जीवाने झोपण्यासाठी बांधलेली खोली. झोप संपली की तो आतून बाहेर पडतो, आणि भिंत वाटेल तिथे फोडून पडत नाही. भिंतीत जणू आधीच आखून ठेवलेल्या सांध्यांवरून ठरलेला तुकडा निघतो. ते भोक म्हणजे आर्किओपाइल. पोहणाऱ्या अवस्थेत या जीवाच्या अंगावर पट्टिका असतात, टोकापासून बुडापर्यंत ओळींत बसवलेल्या. मधल्या आडव्या खोबणीच्या लगेच वरची ओळ प्रीसिंग्युलर. सिस्टचं भोक या पट्टिकांच्या कडांनुसार उघडतं, म्हणून त्याचा आकार कोनांचा असतो.

ही गोष्ट माणसाला कळायला किती वर्षं लागली बघ. जर्मनीतल्या एरेनबर्गने १८३० च्या दशकात चकमकीच्या दगडाच्या पातळ चिपांत हे काटेरी गोळे पाहिले आणि गोड्या पाण्यातल्या शैवालांच्या एका जीनसमध्ये ढकलले. पुढे त्यांना हिस्ट्रिकोस्फिअर म्हणायला लागले, म्हणजे काटेरी गोळा, बस. ते नेमके कोण यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चालला. १९६१ मध्ये विल्यम एव्हिट यांनी दाखवलं की या गोळ्यांवरची भोकं पट्टिकांच्या मांडणीशी जुळतात, म्हणजे यातले पुष्कळसे डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत. काट्यांनी शंभर वर्षांत जे सांगितलं नाही ते भोकाने सांगितलं. तू काट्यांकडे बघते आहेस. भोकाकडे बघ.

आता तुझ्या ११ 'फाटलेल्या' सिस्टविषयी. ऑपरक्युलोडिनियम या दुसऱ्या काटेरी जीनसमध्ये एकच पट्टिका निघते, तिसरी प्रीसिंग्युलर. भोक नीट, गोलसर कोपऱ्यांचं, खिडकीसारखं. लिंग्युलोडिनियमचं तसं नाही. तिथे एकापासून पाचपर्यंत प्रीसिंग्युलर पट्टिका निघतात, कधी वरच्या, टोकाकडच्या एपिकलही, आणि त्या एकत्र नव्हे, सुट्या सुट्या निघतात. त्यामुळे भोकाची कड करवतीसारखी खालीवर जाते. नवख्या डोळ्याला ती फाटल्यासारखीच दिसते. मलाही पहिली दोन वर्षं तशीच दिसायची. फरक असा ओळखायचा: फाटलेल्या कडेला चुण्या असतात, ती कुठेही वळते, काट्याच्या बुडातूनही जाते. आर्किओपाइलची कड सरळ सरळ तुकड्यांत जाते, तुकडे ठराविक कोनात मिळतात आणि ती काट्यांना टाळून दोन काट्यांच्या मधून जाते. सुटलेली पट्टिका कधी कधी सिस्टच्या पोटात पडलेली मिळते. खाली फोकस करून शोध, पत्र्याच्या डब्यात पडलेल्या झाकणासारखी दिसते.

यासाठी जेलीची स्लाइड कामाची नाही. उरलेल्या गाळाचा एक थेंब साध्या ग्लिसरीनमध्ये घे, कव्हरस्लिप ठेव, कडा बंद करू नकोस. मग सुईच्या टोकाने कव्हरस्लिपच्या कोपऱ्यावर अगदी हलकं टेकवायचं. सिस्ट लोळते. तांदूळ निवडताना ताटात दाणा फिरतो तशी. एकदा पाठ बघ, एकदा पोट बघ. जेलीत ती ज्या कुशीवर पडली त्याच कुशीवर कायमची राहते, आणि आर्किओपाइल पाठीकडे असतं. तुझ्या तीन 'अखंड' सिस्ट बहुतेक पाठीवर पडलेल्या असतील, किंवा त्यांतून जीव बाहेर पडलेलाच नसेल. आत जीवाचा गोळा शिल्लक आहे का बघ.

एक सावधगिरी. वरच्या फोकसला तू जवळचा पृष्ठभाग बघतेस, खालच्या फोकसला सिस्टच्या पारदर्शक अंगातून पलीकडची बाजू आतून बघतेस, म्हणजे डावं उजवं उलट. आडवी खोबणी कुठल्या बाजूला उतरते ते लिहिण्याआधी फोकस वर आहे की खाली ते वहीत लिही. यात फसलेली वर्णनं मी छापील स्वरूपात पाहिली आहेत.

आता काट्यांची लांबी. यासाठीच मी एवढं लिहायला बसले.

लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरमचे काटे पाण्याच्या क्षारतेप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे लहान मोठे होतात. काळ्या समुद्रासारख्या कमी खारट पाण्यात ते आखूड सापडतात, कधी कधी नुसती बोंडं. जगभरच्या गाळातल्या सिस्ट मोजून हा संबंध बसवलेला आहे. प्रयोगशाळेत एकाच जिवंत पिढीपासून वाढवलेल्या सिस्टमध्येही लांब आणि आखूड काटे शेजारी शेजारी मिळाले आहेत, कारण काटा सिस्ट बनतानाच बाहेरच्या बाजूला वाढत जातो आणि ती वाढ मध्येच थांबू शकते. म्हणजे तुझी आखूड काट्यांची सिस्ट आणि लांब काट्यांची सिस्ट हा एकच जीव असण्याची शक्यता जबरदस्त आहे.

आणि असेल तर ६० ते ९० सेंटिमीटरला तुझ्या खाडीत काहीतरी झालं होतं. पाणी गोड झालं असेल. उल्हास नदीचं पाणी ठाण्याच्या अरुंद वाटेने खाडीत येतं, ती वाट तेव्हा मोकळी असेल, किंवा पाऊस जास्त असेल. मला माहीत नाही, ते तू शोधायचं आहेस. पण या सिस्टला तू नवं नाव दिलंस की तुझ्या तक्त्यात एक प्रजाती गेली आणि दुसरी आली एवढंच उरेल. खाडी गोडी झाली होती ही बातमी त्या नावाखाली गाडली जाईल.

हे मी भोगलेलं आहे. १९८० च्या दशकात मी समुद्रातल्या एका विहिरीच्या नमुन्यांत काटेरी सिस्ट दोन खात्यांत मोजायचे, 'अ' आणि 'ब'. लांब काटे 'अ', आखूड 'ब'. दोन वर्षं अशी मोजणी केली, शेकडो स्लाइड. नंतर कळलं की दोन्हीच्या मधले सगळे टप्पे मिळतात, सीमा मी माझ्या मनाने ओढली होती. परत मोजावं म्हणून कपाट उघडलं. तीन पावसाळे मुंबईची हवा खाऊन जेलीच्या स्लाइडवर बुरशीची जाळी आली होती, कव्हरस्लिपखाली तपकिरी ढग. वहीत फक्त 'अ' १२, 'ब' ३० असे आकडे. लांबी एकदाही लिहिली नव्हती. त्या विहिरीचा त्या खोलीवरचा गाळ आता कुणाकडे नाही. ती माहिती गेली ती गेलीच.

म्हणून तू मोज. प्रत्येक नमुन्यातल्या निदान ५० सिस्ट घे. प्रत्येकीवर सर्वात लांब तीन काटे निवड, बुडापासून टोकापर्यंत मोज, त्यांची सरासरी काढ. शिवाय अंगाचा व्यास. सगळे आकडे खोलीप्रमाणे कागदावर मांड. मधे रिकामी जागा दिसते का बघ. दिसली तर पुन्हा बोलू.

जमलं तर स्लाइडच्या डब्यात सिलिका जेल ठेव. पावसाळ्याआधी.

---

वर्सोवा_कोळीवाडा लिहितो:

मधेच विचारतो, माफ करा. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री जाळं ओढताना पाणी निळं चमकतं, जुहूलाही लोक फोटो काढतात. तो हाच जीव का? आणि तो पण गाळात राहतो?

---

जुनी_स्लाइड लिहिते:

चांगला प्रश्न आहे दादा. आपल्या किनाऱ्यावर जी चमक दिसते ती बहुतेक वेळा नॉक्टिल्यूकाची असते. तोही डायनोफ्लॅजेलेटच, पण त्याच्या अंगावर पट्टिकांचं चिलखत नसतं आणि तो गाळात टिकेल अशी सिस्ट मागे ठेवत नाही. आज समुद्र कितीही पेटला तरी हजार वर्षांनी कोअर काढणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नाही.

या मुलीच्या सिस्ट ज्या जीवाच्या आहेत, लिंग्युलोडिनियम पॉलिएड्रा, तोही चमकतो. रात्री चमकायचं आणि दिवसा नाही, हे त्याच्या आतल्या घड्याळाने ठरतं आणि त्यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोग केलेत. याची सिस्ट मात्र कणखर. तिची भिंत डायनोस्पोरिन नावाच्या द्रव्याची असते, ते एचएफलाही दाद देत नाही. जिवंत डायनोफ्लॅजेलेटांच्या शंभरातल्या जेमतेम पंधरा प्रजाती अशी टिकणारी सिस्ट करतात. आम्ही बघतो तो समुद्राचा एवढाच हिस्सा. जाळ्यात सगळे मासे येत नाहीत, तसंच.

---

नाव_आणि_नियम लिहितो:

जुनी_स्लाइड यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त नावाच्या बाजूने दोन-चार गोष्टी घालतो, कारण परिषदेच्या सारांशात नवी प्रजाती लिहिण्याचा विचार वाचून काळजी वाटली.

जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटांची नावं वनस्पतींच्या नियमावलीप्रमाणे दिली जातात, शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्यासाठी जी आहे ती. नाव वैध व्हायला त्यासोबत वर्णन किंवा निदान (डायग्नोसिस) लागतं आणि १ जानेवारी १९९६ पासून जीवाश्मांसाठी ते लॅटिन किंवा इंग्रजीत असावं लागतं. आपण इथे मराठीत कितीही नेमकं लिहिलं तरी त्याने नाव वैध होत नाही. चित्र किंवा फोटो लागतोच, ही अट १९१२ पासूनची आहे. होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार असलेला नमुना, म्हणून एकच सिस्ट ठरवावी लागते आणि ती कुठल्या संग्रहात ठेवली ते सांगावं लागतं. ती सिस्ट स्लाइडवर नेमकी कुठे आहे ते इंग्लंड फाइंडरच्या (खुणांची जाळी कोरलेल्या काचेच्या) खुणेने लिहायचं, म्हणजे दुसऱ्या कुणी दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर ठेवली तरी सापडते. होलोटाइप बुरशी लागणाऱ्या जेलीत ठेवू नका.

निदान आणि वर्णन यांत गल्लत होते, म्हणून सांगतो. वर्णनात सगळं येतं: आकार, भिंतीचे थर, पृष्ठभाग, काट्यांची बुडं आणि टोकं, आर्किओपाइल, पट्टिकांच्या खुणा, किती सिस्ट मोजल्या आणि त्यात सर्वात लहान, सरासरी, सर्वात मोठी किती. निदानात फक्त जवळच्या नातेवाइकांपासून वेगळं काय तेवढंच. तुमचं निदान आत्ता एका शब्दाचं आहे, 'आखूड'. तेवढ्यावर मी प्रजाती स्वीकारणार नाही, आणि परीक्षक म्हणून लेख माझ्याकडे आला तर तसं लिहीनही.

नाव होलोटाइपला चिकटलेलं असतं हे विसरू नका. मॅकीरोफोरम हे विशेषण डेफ्लाँद्र आणि कुकसन यांनी १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांना दिलं. ग्रीक 'माखायरा' म्हणजे सुरा किंवा आखूड तलवार, सुरे धारण करणारी ती. १९६७ मध्ये वॉल यांनी तिच्यासाठी लिंग्युलोडिनियम हा जीनस केला. त्याच १९५५ च्या लेखातली दुसरी प्रजाती म्हणजे आता ऑपरक्युलोडिनियममध्ये असलेली सेंट्रोकार्पम. आजच्या गाळात जी सिस्ट त्या नावाने सर्रास लिहितात ती मूळ होलोटाइपशी जुळत नाही, मूळची मोठी आहे. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे 'वॉल आणि डेल, १९६६ यांच्या अर्थाने' अशी पुस्ती जोडतात. एक नाव घाईने चिकटलं की पुढच्या पन्नास वर्षांना असं शेपूट लावून चालावं लागतं.

सारांशात सध्या 'लिंग्युलोडिनियम मॅकीरोफोरम, आखूड काट्यांचं रूप' एवढं लिहा. हे खोटंही नाही आणि कमीही नाही.

---

भांडुपचा_गाळ लिहिते:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला १९ दिवस लागले, कारण मी मोजत होते.

आधी एचएफ_हूड यांना: काट्यांची टोकं बंद आहेत, अगदी ३ मायक्रॉनच्या काट्यांचीही. अल्ट्रासोनिक वापरलंच नव्हतं. आणि जेलची ट्यूब आणली आहे, हूडच्या बाहेर उजव्या हाताला लटकवली आहे.

जुनी_स्लाइड काकू, तुम्ही म्हणालात तसं साध्या ग्लिसरीनमध्ये घेतलं. पहिल्या दिवशी कव्हरस्लिप जोरात दाबली गेली आणि सिस्ट कुठेतरी वाहून गेली, संध्याकाळपर्यंत शोधत बसले. दुसऱ्या दिवशी हात बसला. ७० सेंटिमीटरच्या नमुन्यातली एक सिस्ट लोळवली आणि पाठ वर आली. कड सरळ तुकड्यांत जाते, चार तुकडे, तीन कोन, आणि खरंच काट्यांच्या मधून जाते. मग खाली फोकस नेला तर पोटात पट्टिका पडलेली. पंचकोनी, तिच्यावर सहा आखूड काटे. ती बघून मी खुर्चीवरून उठले आणि शेजारच्या खोलीतल्या मुलांना बोलावून आणलं.

बाजूला ठेवलेल्या ११ पैकी ९ सिस्टवर तसंच आर्किओपाइल आहे. दोन खरोखर फाटलेल्या निघाल्या, चुण्या आहेत. तीन अखंडपैकी दोन पाठीवर पडलेल्या होत्या. तिसरीच्या आत गोळा आहे.

मोजमाप कोअरमधल्या सहा पातळ्यांचं झालं, प्रत्येकी ५० सिस्ट. २४० सेंटिमीटरला सरासरी काटा १३ मायक्रॉन, २०० ला १२.५, १५० ला ११, ११० ला ८, ७० ला ४.५, ३० ला पुन्हा ९. रिकामी जागा नाही. ११० च्या नमुन्यात ४ पासून १४ पर्यंत सगळं मिळतं, एकाच स्लाइडवर. मी सीमा कुठे ओढली असती तेच आता कळत नाही. अंगाचा व्यास सगळीकडे तेवढाच.

मार्गदर्शकांना आलेख दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की नावाचा विषय सोड, क्षारतेवर लिही. डायटम आणि फोरामिनिफेरा (गाळात टिकणारे दुसरे सूक्ष्मजीव) कोण मोजणार याची चौकशीही त्यांनीच सुरू केली. रेडिओकार्बनच्या तारखा अजून यायच्या आहेत.

एक गोष्ट उरली. ११० सेंटिमीटरला अर्ध्या वाटीसारख्या सात सिस्ट आहेत. वरचा भाग पूर्ण गायब, कड जवळजवळ सरळ गोल. काटे नळीसारखे, टोकाला उघडे, कडेला दातेरी. लिंग्युलोडिनियम वाटत नाहीत. या फाटलेल्या आहेत असं म्हणायची आता हिंमत होत नाही.

---

जुनी_स्लाइड लिहिते:

म्हणूच नकोस. वरची अख्खी टोपी एका रेषेत निघणं हाही आर्किओपाइलचाच एक प्रकार आहे, एपिसिस्टल. नळीसारखे, टोकाला उघडे काटे आणि अर्धी वाटी म्हटल्यावर पहिलं नाव डोक्यात येतं ते पॉलिस्फेरिडियम झोहारीचं. उष्ण पाण्याची, उथळ खाड्या आणि लगून यांची सिस्ट. जिवंत रूप पायरोडिनियम बहामेन्से. त्याच्या एका प्रकाराच्या विषामुळे आग्नेय आशियात शिंपल्या खाऊन माणसं दगावली आहेत, म्हणून खाडीच्या गाळात ती मिळाली तर ती बातमीच आहे. पण मी फोटो बघितल्याशिवाय नाव घेणार नाही आणि तूही घेऊ नकोस.

कडेचा फोटो वरच्या फोकसला एक आणि खालच्या फोकसला एक टाक. कडेवर कुठे छोटी जीभ पुढे आलेली आहे का बघ, पोटाच्या बाजूला उभ्या खोबणीपाशी टोपी कधी कधी तिथे चिकटून राहिलेली असते. आणि त्याच स्लाइडवर सुट्या टोप्या मिळतात का शोध. वाटी सात असतील तर टोप्याही असायला हव्यात.

आणि त्या पंचकोनी पट्टिकेचा फोटो काढलास ना? तोही टाक. मला बघायचाय.

---

भांडुपचा_गाळ लिहिते:

काढलाय काकू, तीन फोकसला. उद्या लॅबच्या कॉम्प्युटरवरून सगळे टाकते. टोप्या शोधायला आत्ताच बसते आहे, शेवटची ठाणे लोकल ११ नंतर आहे.